डिमेन्शिया, उदासी आणि खुर्चीत बसून राहिलेली माणसं

पर्वतीपायथा

डिमेन्शिया झालेलं माणूस केअर होममध्ये गेलं की काही महिन्यांत चालायचं थांबतं, हे इथे कितीजणांनी पाहिलंय? हाड मोडलेलं नसतं, लकवा नसतो. तरी आधी काठी येते, मग कुणाचा तरी हात लागतो, मग व्हीलचेअर. आणि त्याच सुमारास माणूस गप्प होत जातं. विचारलं की उत्तर मिळतं, "आजार पुढे गेलाय." माझं या उत्तराने समाधान होत नाही, म्हणून धागा काढतेय.

माझी आत्या सिंहगड रोडच्या बाजूला एका होममध्ये आहे. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन खात्यात नोकरी, सदाशिव पेठेतून कामावर चालत जायची आणि चालतच परत यायची. सुट्टीच्या दिवशी पर्वती चढायची. अल्झायमरचं निदान झाल्यावरही घरी होती तेव्हा दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या चालू. दार उघडं दिसलं की बाहेर. एकदा स्वारगेटला सापडली. होममध्ये ठेवायची वेळ आली ती तिच्या या फिरण्यामुळेच.

आता ती उठत नाही. हॉलमध्ये भिंतीला लावून खुर्च्यांची ओळ आहे, समोर टीव्ही. तिथे सकाळी बसवतात ती जेवणापर्यंत तिथेच. पहाटे फार लवकर जाग येते. ताटात लक्ष नसतं. "मला कशाला ठेवलंय" हे एक वाक्य सोडलं तर बोलत नाही. मी हात धरून उठवलं की पाय थरथरतात, घाबरते आणि पुन्हा बसते.

होमची माणसं चांगली आहेत हे मुद्दाम सांगते. स्वच्छता आहे, औषधं वेळेवर दिली जातात, अंगावर कुठे जखम नाही. पण दर भेटीत मला एकच गोष्ट अभिमानाने सांगतात, "आल्यापासून एकदाही पडल्या नाहीत." पडणार कशी, ती उभीच राहत नाही.

भारतात साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालाय. पुण्यात अशी होम्स वाढताहेत ती उगाच नाही. मुलं बाहेर, फ्लॅट छोटे, दिवसरात्र माणूस मिळत नाही. त्यामुळे "घरीच का नाही ठेवत" ही चर्चा कृपया इथे नको, त्यावर वेगळे धागे आहेत.

मला कळत नाही ते हे: ती उदास आहे म्हणून उठत नाही, की उठवत नाहीत म्हणून उदास झाली? आणि सुरुवात कुठून करायची?

---

चालढाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूड, बावधन, वारजे भागातल्या होम्समध्ये जाते. तुम्ही जे लिहिलंय ते मी दर आठवड्याला बघते.

आधी एक गोष्ट. सगळे डिमेन्शिया चालण्याच्या बाबतीत सारखे नसतात. रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या डिमेन्शियात किंवा लेवी बॉडीच्या प्रकारात चाल लवकर बिघडते, पावलं घासतात, वळताना तोल जातो. अल्झायमरमध्ये मात्र पाय बराच काळ साथ देतात. इतकी फिरणारी बाई काही महिन्यांत उभी राहायची थांबली, तर आजाराच्या नावावर टाकण्याआधी बाकीचं तपासायला हवं.

स्नायू किती झपाट्याने जातात याची घरच्यांना कल्पना नसते. २००७ साली अमेरिकेत धडधाकट वयस्कर माणसांना फक्त १० दिवस पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तेवढ्यात पायातलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. ही निरोगी माणसं होती. आता ज्यांचं जेवण निम्म्यावर आलंय, प्रोटीन म्हणाल तर चहाबरोबरची बिस्किटं, त्यांचं काय होत असेल?

मी होममध्ये गेल्यावर पहिल्यांदा खुर्ची बघते. सोफा खोल आणि मऊ असेल तर साठीच्या धडधाकट माणसालाही उठताना जोर लावावा लागतो. बसल्यावर गुडघे आणि कंबर साधारण एका पातळीत यायला हवेत, आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना हवं. नुसती खुर्ची बदलून उठू लागलेली माणसं मी पाहिली आहेत. मग पायातलं बघते. बहुतेकांना सुजलेल्या पायांसाठी मोठ्या मापाच्या रबरी सपाता दिलेल्या असतात, त्या पायातून निघतात. मागे पट्टा असलेलं, तळाला पकड असलेलं काहीतरी हवं. मग फरशी. चकचकीत पांढरी फरशी यांना ओली दिसते, दारातला काळा पट्टा खड्ड्यासारखा दिसतो. माणूस तिथे अडखळून थांबलं की "हट्टीपणा करतात" असा शेरा पडतो.

आणि डायपर. रात्रीपुरता असतो तो सोयीसाठी दिवसभर राहतो. पूर्वी दिवसातून पाचसहा वेळा बाथरूमपर्यंत तरी चालणं व्हायचं. डायपर लागला की चालायचं तेही कारण संपतं. आत्यांना दिवसा डायपर असतो का, हे विचाराल?

---

पर्वतीपायथा

हो, दिवसभर असतो. मी कधी विचारलंच नव्हतं की लागतो का. घरी असताना लागत नव्हता.

---

कर्वेनगरकर

दुसरी बाजू लिहितो. माझे वडील ज्या होममध्ये होते तिथे "आम्ही बांधून ठेवत नाही, फिरू देतो" असं सांगायचे. आम्हालाही बरं वाटायचं. एका संध्याकाळी जिन्याजवळ पडले. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, नंतर छातीत कफ, महिनाभर हॉस्पिटल, आणि गेले. सोबत कुणी नव्हतं, जिन्याला दार नव्हतं.

"चालू द्या" म्हणणं सोपं आहे. पडल्यावर रात्री फोन आपल्याला येतो.

---

चालढाल

दादा, जे झालं त्याचं वाईट वाटलं. जिन्याला दार नसताना, सोबत माणूस नसताना सोडून देणं याला मी फिरू देणं म्हणणार नाही. पण एक सांगते. बसून राहिलेलं माणूस पडायचं टळत नाही. पाय कमजोर होतात, आणि मग एक दिवस ते स्वतःहून उठायला जातं, बहुतेक वेळा रात्री बाथरूमसाठी. तेव्हा सावरायला पायात काहीच नसतं.

---

मनोज्ञ

मानसोपचारतज्ज्ञ आहे, वृद्धांचे रुग्ण जास्त बघतो. धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

डिमेन्शियात नैराश्य असतं, बऱ्यापैकी असतं, आणि सहज निसटतं. कारण "उदास वाटतंय" असं रुग्ण सांगत नाही. तो चिडतो, जेवत नाही, अंग दुखतं म्हणतो, उठत नाही. नेहमीच्या प्रश्नावल्या रुग्णाच्या स्वतःच्या उत्तरांवर चालतात; आठवण आणि भाषा गेली की त्यांचा भरवसा कमी होतो. म्हणून १९८८ साली खास डिमेन्शियासाठी कॉर्नेल मापनपट्टी तयार झाली. तिच्यात १९ मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला ० ते २ गुण. गेल्या आठवड्यात काय दिसलं हे सांभाळणाऱ्या माणसाला विचारायचं आणि मग रुग्णाला स्वतः भेटायचं. बेरीज १० च्या वर गेली तर मोठ्या नैराश्याची दाट शक्यता, १८ च्या वर गेली तर जवळपास खात्री. तुम्ही लिहिलेलं पहाटे जाग येणं, ताटात लक्ष नसणं, मंदावलेल्या हालचाली, "मला कशाला ठेवलंय", हे सगळं त्या पट्टीवर येतं.

पण तीन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात.

उदासी आणि अनास्था दिसायला सारख्या असतात. अनास्थेत माणसाला दुःख नसतं, फक्त आतून काही करावंसं वाटत नाही. कुणी सुरू करून दिलं तर तो करतो आणि त्यात आनंदही घेतो. उदास माणसाला सुरू करून दिलं तरी त्यात रस येत नाही, आणि तो स्वतःबद्दल वाईट बोलतो. दोन्ही एकत्रही असतात.

दुसरं, हा बदल दोनचार दिवसांत झाला असेल तर नैराश्य म्हणत बसू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, शरीरात पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवीन औषध, यातल्या कशानेही भ्रम (डिलिरियम, म्हणजे अचानक येणारा गोंधळलेपणा) होतो. त्याचा एक शांत प्रकार असतो ज्यात माणूस आरडाओरडा करत नाही, नुसतं पडून राहतं. त्या रुग्णाला लगेच डॉक्टर हवा.

तिसरं, औषधांची यादी. माझ्या मते पहिल्या भेटीतलं सगळ्यात उपयोगी काम हेच. रात्री झोपावं म्हणून, "त्रास देतात" म्हणून रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल, क्लोनाझेपाम यांपैकी काही सुरू झालेलं असतं. सुरू करताना कारण असतं. फिरणं थांबतं, कारण संपतं, गोळी तशीच चालू राहते. यांतल्या काहींनी अंग पार्किन्सन्ससारखं ताठरतं, काहींनी दिवसभर गुंगी राहते. डिमेन्शियाच्या रुग्णांत रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारख्या अँटिसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ सालीच दिलाय. लेवी बॉडीच्या रुग्णांना तर ही फारच सोसत नाहीत. अर्थात कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि प्रत्येकीपुढे विचारा, ही आज कशासाठी?

---

अटलांटावासी

वाचतोय. आई औंधला होममध्ये, मी इथे. व्हिडिओ कॉलवर तिला नेहमी खुर्चीतच पाहतो, छान विंचरलेलं, पावडर लावलेलं. ती शेवटची कधी चालली हे मला सांगता येणार नाही. कॉलवर काय विचारू?

---

रात्रपाळी

मी अशाच एका होममध्ये काम करतो. नाव नाही सांगत. पाच वर्षांपूर्वी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून आलो, आता कायम आहे. इथे सगळे नातेवाईक दिसतायत म्हणून लिहितो.

आमच्याकडे रात्री दोन माणसं असतात, पंधरा आजीआजोबा. दिवसा जास्त असतात पण अंघोळी, भरवणं, डायपर, कपडे यात दुपार होते. एका आजीला हाताने धरून बाथरूमला न्यायला वीस मिनिटं लागतात. व्हीलचेअरवर चार मिनिटं. कुणालाही विचारा काय करेल.

आणि खरं सांगू का, पडणं झालं की सगळं मावशीवर येतं. साहेब विचारतात कोण ड्युटीवर होतं. नातेवाईक व्हॉट्सअॅपवर फोटो मागतात. एका मावशीचा पगार कापला होता, आजोबा तिच्या हातातून सुटून बसले म्हणून, लागलं पण नव्हतं. त्यानंतर तिने कुणालाच उठवलं नाही. पण आजोबा सहा महिने उठले नाहीत म्हणून कुणी कधी आमच्यावर ओरडलं नाही.

आम्हाला कळतं बरं का. बसून राहिलेलं माणूस कसं होत जातं ते आम्हीच बघतो. पहिल्यांदा चिडतात, मग रडतात, मग काहीच नाही.

एक सांगतो. पीएमटीतले एक कंडक्टर आजोबा होते आमच्याकडे. उठाच म्हटलं तर शिव्या द्यायचे. मी एकदा म्हटलं, "मास्तर, पुढचे पॅसेंजर राहिलेत." उठले. खुर्च्यांच्या ओळीसमोरून सगळ्यांना विचारत गेले. रोज दोनदा जायचे. व्यायाम कर म्हटलं असतं तर नसते उठले.

---

जुना_पेठकर

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ पडद्यासमोर बसून होतो. धन्यवाद.

माझे वय ७६. पत्नी बावधनला होममध्ये आहे. मी रोज दुपारी जातो. मुलगी म्हणते इतके जाऊ नका, तुमचीही तब्येत आहे. पण मी जातो तेव्हाच ती चालते, हे मी पाहिले आहे. आम्ही गेटपर्यंत जातो. तिथे कडुनिंब आहे, त्याखाली बाक आहे. परत येतो. तिला मी कोण हे बहुधा ठाऊक नसते. मला "अहो भाऊ" म्हणते. तरी हात धरते आणि निघते.

सुरुवातीला तिलाही बसवून ठेवीत. मी मॅडमना भेटून सांगितले की मी असताना ती पडली तर जबाबदारी माझी. तोंडी सांगून भागेना, तेव्हा लिहून दिले. त्या दिवसापासून कुणी अडवले नाही, उलट आता एक मुलगी सोबत येते.

तिच्या गुडघ्यांबद्दल लिहायचे आहे. उठताना ती कपाळाला आठ्या घालायची आणि मावशीच्या हाताला चिमटे काढायची. सगळ्यांनी स्वभाव म्हणून सोडून दिले होते. नव्या डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि साधी पॅरासिटामॉल ठरावीक वेळेला सुरू केली, लागेल तेव्हा नव्हे, ठरावीक वेळेला. चिमटे थांबले. ती दुखते म्हणून सांगू शकत नव्हती, इतकेच.

---

मनोज्ञ

काकांचा मुद्दा फार मोलाचा. नॉर्वेत १८ नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या ३५२ रुग्णांवर याचाच अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. अस्वस्थपणा करणाऱ्यांना पायरीपायरीने वेदनेवर उपचार दिले, बहुतेकांना पॅरासिटामॉलच पुरली. अस्वस्थपणा लक्षणीय कमी झाला. ज्याला तोंडाने सांगता येत नाही त्याचा चेहरा, कण्हणं, हात झटकणं बघायचं, आणि तेही उठवताना बघायचं. बसलेल्या माणसाचा गुडघा बहुधा दुखत नाही.

यकृताचा त्रास असेल तर मात्रा डॉक्टरांनाच ठरवू द्या.

---

सकाळचा_राग

एवढं सगळं कशाला? होममध्ये रोज योगवर्ग आणि व्यायामाचा तास सक्तीचा करा. शरीर हललं की मन हलतं. आमच्या हास्यक्लबात ऐंशीचे लोक उड्या मारतात.

---

मनोज्ञ

मलाही पूर्वी असंच वाटायचं आणि बऱ्याच डॉक्टरांना आजही वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्लंडमध्ये ७८ केअर होम्समधल्या ८९१ रहिवाशांवर नेमका हाच प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटांचा गटव्यायाम, घ्यायला फिजिओथेरपिस्ट, शिवाय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. २०१३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नैराश्यात फरक पडला नाही. त्याआधी २००७ साली फ्रान्समध्ये पाच नर्सिंग होममधल्या अल्झायमरच्या १३४ रुग्णांना वर्षभर आठवड्यातून दोनदा तासभर व्यायाम दिला. त्यांची रोजच्या क्रियांमधली घसरण मंदावली, म्हणजे उठणं, कपडे, अंघोळ यांत ते जास्त टिकले. नैराश्य मात्र तिथेही हललं नाही.

यावरून व्यायाम फुकट आहे असं कुणी म्हणू नये, पाय टिकणं हीच केवढी गोष्ट आहे. पण खुर्च्यांचा गोल करून हात वर, हात खाली केल्याने मन वर येईल ही अपेक्षा सोडायला हवी.

याउलट सिएटलला २००३ साली घरी राहणाऱ्या १५३ रुग्णांवरचा अभ्यास आहे. तिथे व्यायाम होता, आणि त्याबरोबर सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला वागणुकीच्या अडचणी कशा हाताळायच्या हे शिकवलं होतं. तिथे नैराश्य कमी झालं, हालचालही सुधारली. रुग्ण वेगळे, जागा वेगळी, त्यामुळे थेट तुलना करता येणार नाही. पण मला त्यातला सोबतीचा माणूस महत्त्वाचा वाटतो. मास्तरांना पॅसेंजरांनी उठवलं, काकूंना काकांनी.

गोळ्यांचं विचाराल म्हणून तेही लिहितो. २०११ साली इंग्लंडमध्ये डिमेन्शिया आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ३२६ जणांना सर्ट्रालिन, मिर्टाझापिन किंवा नुसती साखरेची गोळी दिली. तिन्ही गटांत उदासी कमी झाली, खऱ्या गोळ्यांनी साखरेच्या गोळीपेक्षा जास्त काही केलं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. मी या गोळ्या वापरत नाही असं नाही. तीव्र नैराश्य असेल, जेवण पूर्ण बंद असेल, आत्महत्येचे विचार असतील, आधीच्या आयुष्यात नैराश्याचे झटके आलेले असतील, तर द्याव्या लागतात. पण सौम्य उदासीला पहिलं उत्तर गोळी नव्हे. काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, तोल जातो, पडणं वाढतं. ज्या माणसाला उभं करायचंय त्याच्याच पायाखालची जमीन आपण काढतो.

---

अटलांटावासी

डॉक्टर, चालढालताई, माझा प्रश्न राहिला. लांबून काय विचारायचं?

---

चालढाल

"कशी आहे" विचाराल तर "छान आहे" ऐकाल. त्याऐवजी विचारा: आज खुर्चीतून किती वेळा उठल्या, कुठपर्यंत गेल्या, कुणाबरोबर? बाथरूमला चालत गेल्या की व्हीलचेअरवरून? उन्हात गेल्या का? रोज नको, आठवड्यातून दोनदा विचारा, पण न चुकता. ज्याचा हिशोब मागितला जातो त्याकडे लक्ष दिलं जातं. आतापर्यंत हिशोब फक्त पडण्याचा मागितला जात होता.

महिन्यातून एकदा फिजिओकडून साधी चाचणी करून घ्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, लागलेला वेळ घड्याळात बघायचा. ही १९९१ पासून जगभर वापरतात. डिमेन्शियाच्या माणसाला सूचना लक्षात राहत नाहीत, तेव्हा प्रत्येक पायरीला सांगत जायचं आणि आकड्याला फार चिकटायचं नाही. आधीपेक्षा वेळ वाढतोय की कमी होतोय एवढंच बघायचं.

चष्मा आईचाच आहे ना हेही विचारा. होममध्ये चष्मे, कवळ्या आणि कानाची मशीन एकमेकांत बदलतात. ऐकू येत नाही, दिसत नाही, त्या माणसाला उठून जायचं कुठे?

---

कर्वेनगरकर

पुन्हा आलो. रात्रपाळी यांचा तो पगार कापल्याचा प्रसंग डोक्यातून जात नाही. वडिलांच्या वेळी आम्हीही आधी ड्युटीवरच्या मुलीलाच गाठलं होतं. जिन्याला दार नव्हतं ते मालकाचं काम होतं.

माझं मत पूर्ण बदललं नाही. चालवायचं तर माणूस हवा, जिन्याला दार हवं, बाथरूमला कठडे हवेत, रात्री दिवा हवा. हे नसेल तर पैसे कशाचे घेतात? एवढं असेल तर मग चालवा.

---

पर्वतीपायथा

सगळ्यांना उत्तरं द्यायला उशीर झाला, मध्ये पळापळ चालू होती. काय काय झालं ते लिहिते.

औषधांची यादी घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आत्या आली तेव्हा फिरते म्हणून सुरू केलेली क्वेटियापिन अजून चालू होती, मध्येच कधीतरी वाढवलेलीसुद्धा. डॉक्टर हळूहळू उतरवताहेत. कॉर्नेलचे प्रश्न त्यांनी मला न विचारता सकाळपाळीच्या मावशींना विचारले, आणि ते बरोबरच झालं. मला माहीतच नव्हतं की ती सकाळी सगळ्यात खराब असते आणि संध्याकाळी जरा खुलते. गुण नैराश्याच्या बाजूला गेले. गोळी सध्या नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं ठरलंय. रक्तात बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं चालू आहेत. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, त्याचं ठरवायचंय.

मी उत्साहाने जुना काळा डायल फिरवायचा फोन मिळवून नेला होता, टेलिफोन खात्यातली म्हणून. तिने ढुंकूनही बघितलं नाही. बडीशेपेने काम झालं. जेवण झाल्यावर मावशींनी डबी तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ताई, सगळ्यांना द्या." कठडा धरून, एक हात मावशींच्या हातात, ती तीन खुर्च्यांपर्यंत गेली. आता रोज जाते. काही दिवस एकाच खुर्चीपर्यंत जाऊन परत फिरते. आनंदात आहे असं मी म्हणणार नाही. "मला कशाला ठेवलंय" अजून चालू आहे. पण परवा शेजारच्या आजींना "तुम्ही घेतली नाहीत" असं रागावून म्हणाली, ते नवीन होतं.

दिवसाचा डायपर काढायला होमने आधी नाही म्हटलं. मग दर दोन तासांनी बाथरूमला न्यायचं आणि तेवढ्यापुरते जास्त पैसे आम्ही द्यायचे असं ठरलं. हे प्रत्येकाला परवडणारं नाही, याची जाणीव आहे.

आणि जुना पेठकर काकांसारखं लिहून दिलं. अटलांटावासींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून मजकूर मागितला होता, इतरांनाही लागेल म्हणून इथेच देते:

"आमच्या आत्या पडू शकतात हे आम्हाला माहीत आहे. सोबत माणूस असताना, चालवताना त्या पडल्या तर त्याचा दोष आम्ही ड्युटीवरच्या व्यक्तीला देणार नाही आणि त्या व्यक्तीचा पगार कापला जाऊ नये अशी आमची विनंती आहे. त्यांना रोज सकाळी आणि संध्याकाळी बाथरूमव्यतिरिक्त निदान एकदा उठवून चालवावे. चालवले नाही तर कारण वहीत लिहावे. पडल्यास, लागले नसले तरी, आम्हाला त्याच दिवशी कळवावे."

---

अटलांटावासी

खूप आभार. हेच पाठवतो. आईच्या होममध्ये अशी वही नाही, ती ठेवायला सांगतो.

पुण्यात प्रत्यक्ष जाऊन बघणारं माझं कुणी नाही. मदतीसाठी काही आहे का?

---

जुना_पेठकर

ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. दोन्ही पुण्यातून लावता येतात, तेव्हा इथल्या एखाद्या नातेवाइकाला किंवा आईच्या मैत्रिणीला लावायला सांगा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटीची पुण्यात शाखा आहे, त्यांच्याकडे विचारा. आणि औंध मला बावधनहून फार लांब नाही. होमचे नाव व्यनितून कळवा, एखाद्या दुपारी जाऊन आईंना भेटून येईन.

---

रात्रपाळी

ताई, पत्र चांगलंय. आमच्या साहेबांना दाखवलं. पगाराचं वाक्य वाचून काही बोलले नाहीत, पण फोटो काढून घेतला.

एक बदल करा. संध्याकाळी असं नुसतं लिहू नका. सातला ड्युटी बदलते, त्याआधी तासभर सगळे हँडओव्हर, चहा, डायपर यात असतात. तेव्हा कुणी चालवणार नाही आणि वहीत खोटं लिहितील. साडेचार ते साडेपाच लिहा. ऊनही उतरलेलं असतं, गच्चीवर नेता येतं.

---

पर्वतीपायथा

बदल केला. साडेचार ते साडेपाच.